कल्लिरोईचा नवस

बोट टीनोस बेटाच्या धक्क्याला लागायला दहा मिनिटं उरली, तेव्हा कल्लिरोईने मुलीला सांगितलं, की आपण नुसत्या दर्शनाला आलेलो नाही.

“नवस आहे. धक्क्यापासून पानायिया मातेच्या देवळाच्या दारापर्यंत. गुडघ्यांवर.”

मिर्सिनीच्या हातातली कॉफी तिच्या पांढऱ्या पँटवर सांडली.

आईचा उजवा गुडघा ही तिची आठ महिन्यांची कमाई होती. पात्रा शहरातल्या प्रयोगशाळेत ती वासराच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं ते गुळगुळीत अस्तर, बटणाएवढी कापून यंत्राखाली दाबायची आणि ती किती सावरते ते मोजायची. चिरा गेलेली कूर्चा बेताने दाबली-सोडली तर पाणी आत-बाहेर खेळतं आणि ती तग धरते. दाबून ठेवली तर पाणी सोडते आणि मग चिरा वाढतात. हे तिने आईच्या गळी उतरवलं होतं. रोज मोजून वीस पायऱ्या, मग तीस, मग समुद्रात कमरेएवढ्या पाण्यातून चालणं. जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वर येणारी आई आता कलिंगड काखेत मारून तिसरा मजला चढत होती.

“आई, अर्धा मैल चढ आहे तो! दगडी!”

“गालिच्याची पट्टी घातलीय रस्त्याच्या कडेने.”

“पट्टीने काय होतंय? गुडघा बरा नाही झालेला, नुसता सावरलाय!”

“सावरला कुणी?”

“पायऱ्यांनी!”

“आणि पायऱ्या चढायचं बळ कुणी दिलं? पानायिया मातेनेच ना?”

धक्क्यावर उतरताच मिर्सिनीने मेणबत्तीच्या टपरीवरून गुडघ्याला बांधायचे पट्टे विकत घेतले. आईने ते दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखे परत दिले.

“उशा बांधून नवस फेडतात होय?”

टपरीवाली आईने घेतलेली पुरुषभर उंचीची मेणबत्ती कागदात गुंडाळत होती. तिला राहवलं नाही. “घरातल्या कुणीही फेडला तरी चालतो बरं का. गेल्या साली एका सुनेने सासूचा फेडला. सून रडत होती, सासू पंख्याने वारा घालत होती.”

कल्लिरोईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पट्टीच्या टोकाशी जाऊन तिने छातीवर क्रूस रेखला आणि उजवा पाय वाकवायला सुरुवात केली. मिर्सिनीने मनात हिशेब केला. प्रत्येक टेकणीला निम्मं वजन, अशा दोन हजार टेकण्या, मधे सोडणं जवळजवळ नाहीच. गुडघा जमिनीपासून वीतभर अंतरावर आला आणि आतून ‘कट्’ असा आवाज झाला.

“थांब! मी जाते!”

“बघ हं,” कल्लिरोई चटकन उभी राहत म्हणाली. “मी म्हटलेलं नाही.”

ते पट्टे मिर्सिनीने मुकाट्याने बांधले. पहिल्या तीनशे टेकण्या तिने मोजल्या, मग आयुष्यात पहिल्यांदा मोजणं सोडून दिलं. ऐंशीच्या घरातली एक म्हातारी तिला ओलांडून पुढे सरकली.

“पाठ सरळ ठेव,” मेणबत्ती खांद्यावर घेऊन शेजारून तुरुतुरु चालणारी आई म्हणाली. “लोक बघतायत.”

दारात पोचल्यावर मिर्सिनी उंबऱ्यालाच टेकली.

“आई, पुढच्या वेळी नवस बोलताना जरा विचार करत जा.”

“विचार करूनच बोलले होते. गुडघा सावरला तर माझी पोर गुडघ्यांवर येईल म्हणून.”

“काय? आणि ते धक्क्यावर गुडघा वाकवणं?”

“सांगितलं असतं तर आली असतीस?” कल्लिरोईने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. “दुखऱ्या गुडघ्याची बाई स्वतःचे गुडघे टेकायचा नवस बोलेल का गं? दाबून ठेवलं की पाणी सोडतं ते अस्तर. एवढं शिकलीस, हे नाही शिकवलं कुणी?”

कल्लिरोईने मेणबत्ती पेटवली, लेकीला काखेत हात घालून उठवलं आणि दाराच्या आतल्या पायऱ्यांपाशी आणून उभं केलं.

“बसून राहू नकोस, गुडघे आखडतील. आज वीसच. मोज.”