आमच्या अंगणाचा ढाळ

"गाडी रस्त्यावर कशाला, आमच्या अंगणात लावा," असं मी विवेकजींना फोनवर म्हणून गेलो आणि तिथंच फसलो. मला वाटलं होतं, गाडी म्हणजे गाडी. सकाळी फाटकातून आत आलं ते चाकांवरचं घर. आत पलंग, आत ओटा, आत संडास. (आमचा संडास घरात आणायचा, असं मी लग्नापासून म्हणतोय. त्यांचा तर गावोगाव फिरतो.)

विवेकजी माझे साडू. माझ्या बायकोची, छायाची, धाकटी बहीण ज्योत्स्ना त्यांना दिलेली. नागपुरात सोलरचा धंदा आहे. माणूस नम्र, निर्व्यसनी, सगळ्यांना 'जी' लावून बोलणारा. नावं ठेवायला कुठं जागाच नाही, त्यामुळं माझा जळफळाट आणखी वाढतो. मी इथं सेलूला बांधकाम खात्यात आवक-जावक पाहतो, म्हणजे निम्मा इंजिनिअरच. (उरलेला निम्मा आवक-जावक पाहतो.)

छाया गाडीत शिरली ती बाहेरच येईना. आतून नुसतं कौतुक ऐकू येत होतं. पडद्यांचं, बेसिनचं, चमच्यांच्या खणाचंसुद्धा. शेवटी खाली उतरली आणि मला म्हणाली, "त्याईची लेव्हलच येगळी आहे. तुमच्यानं नाई होत."

पुढं हेही कळलं की उद्या ती त्यांच्यासोबत चिखलदऱ्याला चालली आहे. मला रजा मिळणार नाही, हे तिनं साहेबांच्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी जळलो, हे कबूल करतो. माझ्या बायकोनं माझ्या एखाद्या गोष्टीकडं त्या चमच्यांच्या खणाकडं पाहिलं तसं एकदा तरी पाहावं, एवढंच मला हवं होतं.

इतक्यात गाडी बोंबलायला लागली.

त्या गाडीला खालून चार लोखंडी पाय आहेत. उभी केली की बटन दाबायचं. पाय आपोआप खाली येतात, कुठला कमी, कुठला जास्त, आणि गाडी सपाट होते. झाली नाही तर लाल दिवा आणि भोंगा. विवेकजींनी पाय वर घेतले, खाली सोडले, पुन्हा घेतले. भोंगा चालूच. मग त्यांनी एका पायाखाली छायाचा जेवायचा पाट ठेवला. तो कडकन मोडला. छाया म्हणाली, राहू द्या, जुनाच होता. (तो मी मोडला असता तर आमच्याकडं संध्याकाळी चूल पेटली नसती.)

शेजारचे बंडूजी भिंतीवरून पाहत होते. म्हणाले, "आंगणाले ढाळ जास्त आहे ना भाऊ. रस्त्यावर घ्या गाडी, चूप होते का नाई पाहा."

हे मला लागलं. हे अंगण मी स्वतः उभं राहून करून घेतलंय. पाणी साचू नये म्हणून गवंड्याला म्हणालो, ढाळ दे. त्यानं दिला. म्हणालो, आणखी दे. तो म्हणाला, साहेब, पुरे. मी म्हणालो, बांधकाम खात्यात तू आहेस का मी? आता आमच्या अंगणात पाण्याचा थेंब थांबत नाही. (लिंबूही थांबत नाही. सरळ नालीत जातं.) त्या अंगणाला साडूसमोर नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नव्हतो. अंगण बरोबर आहे, दोष गाडीत आहे, असं मी जाहीर करून टाकलं.

"असू शकते, भाऊ," विवेकजी म्हणाले, "नवीनच आहे." आणि आंघोळीला गेले. भांडायचीसुद्धा सोय नाही.

मी गाडीत चढलो. पाय वर घेतले आणि बटनांच्या पाटीवर जे सगळ्यात छोटं, कोपऱ्यातलं बटन होतं ते दाबून धरलं. (छोटं बटन म्हणजे महत्त्वाचं, हा ऑफिसातला अनुभव. तिथं सगळ्यात छोटा माणूसच फाईल अडवतो.) दिवे लुकलुकले, काहीतरी टुकटुकलं, लाल दिवा हिरवा झाला आणि भोंगा बंद.

काय सांगू. विवेकजी ओल्या डोक्यानं धावत आले आणि माझा हात हातात घेतला. ज्योत्स्ना म्हणाली, भाऊजी तर छुपे इंजिनिअर निघाले. आणि छायानं माझ्याकडं पाहिलं. तसंच पाहिलं, खणाकडं पाहिल्यासारखं. गाडीतच जेवायला बसलो, आणि पातोडीचा रस्सा तिनं पहिल्यांदा मला वाढला. तो ताटाच्या एका कडेला जमून माझ्या मांडीवर उतरत होता, पण हिरवा दिवा लागलेला असताना असल्या गोष्टींकडं कोण पाहतो?

सकाळी ते तिघं निघाले. मी ऑफिसात सगळ्यांना भोंग्याची गोष्ट सांगितली, काहींना दोनदा.

दुपारी छायाचा फोन आला. तिच्यापेक्षा भोंगाच जास्त ऐकू येत होता. आर्वीच्या पुढं पेट्रोल पंपाच्या सपाट फरशीवर गाडी लावली तर बोंबलते, शाळेच्या मैदानावर लावली तरी बोंबलते.

"तुम्ही कोनतं बटन दाबलं होतं?" तिनं विचारलं.

"काऊन?"

"कंपनीचा मानूस फोनवर म्हनते, गाडी आडवी-तिडवी उभी असताना कोनीतरी तिले शिकवलं का हेच सपाट आहे. आता जिथं सपाट असन तिथं ते बोंबलते."

मग चिखलदरा राहिला. संध्याकाळी सारं सेलू पाहत असताना गाडी परत आली, आमच्या अंगणात शिरली, आणि चारी पाय न टेकताच हिरवा दिवा लागला. साऱ्या जिल्ह्यात तिला सपाट वाटणारी ही एकच जागा होती. दुरुस्तीवाला पुढच्या आठवड्यात पुण्याहून येणार. तोवर विवेकजींचा मुक्काम आमच्याकडं.

उतारावरच्या त्या पलंगावर ज्योत्स्नाला झोप येईना, म्हणून आमची खोली पाहुण्यांना गेली, छाया मधल्या खोलीत गेली, आणि ज्या पलंगासाठी मी इतका जळलो तो मला मिळाला. आता त्यावर मी काठाला धरून झोपतो. विवेकजी रोज येऊन आपुलकीनं विचारतात, झोप लागली का भाऊ?

छाया पाचव्या दिवशी चहा द्यायला गाडीत आली. कप ठेवला, तो आपोआप माझ्याकडं सरकत आला.

"तुमाले त्याईच्या लेव्हलवर जाता नाई आलं," ती म्हणाली, "म्हनून त्याईच्या गाडीले आपल्या लेव्हलवर आनलं."