जोडाक्षरांना बढती

पेणचं सहकारी मुद्रणालय आणि रोह्याचं सहकारी मुद्रणालय यांचं विलीनीकरण झालं, तेव्हा दोन्हीकडचे संचालक, दोन्हीकडच्या तसबिरी आणि दोन्हीकडच्या खुर्च्या पेणच्या कार्यालयात सामावून घेण्यात आल्या. प्रश्न फक्त संगणकाचा उरला. संगणक चालवायला दोन्हीकडे लिनक्सच होतं, कारण ते फुकट मिळतं आणि फुकट वस्तूवर संचालक मंडळात मतभेद होत नाहीत. पण पेणची आवृत्ती जुनी आणि रोह्याची नवी होती. पेणचे हिरामण म्हात्रे अध्यक्ष. त्यांच्या मते जुनी आवृत्ती ही संस्थेची परंपरा होती. रोह्याचे काळुराम पाटील उपाध्यक्ष. त्यांच्या मते नवी आवृत्ती ही संस्थेची प्रगती होती. अखेर कुणाचाच अवमान होऊ नये म्हणून ठराव झाला: संगणक ज्या सुट्या भागांवर चालतो, त्या पॅकेजांपैकी अर्धी पेणची ठेवावीत, अर्धी रोह्याची.

ऑपरेटर नूतन म्हात्रे हिने असं करू नये असं सुचवलं. तिच्या सूचनेची नोंद घेण्यात आली. पुढे काहीही करायचं नसलं की नोंद घेतात, हे तिला ठाऊक होतं.

संगणक सुरू झाला. एवढंच झालं की अक्षरांचे ठसे पेणचे आले, ती जुळवणारा भाग रोह्याचा आला, आणि दोघांचं पटेना. साधी अक्षरं सुरेख उमटत, पण जोडाक्षरं फुटत. 'श्री'चं 'श् री' झालं आणि 'म्हात्रे'चं 'म् हात् रे'. पेणच्या बाजारात ‘ओ म्हात्रे’ अशी हाक मारली तर रहदारी थांबते. तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

काळुरामांनी स्वतःचं नाव छापून पाहिलं. "पाटील. बरोबर येतंय. मशीन ठीक हाय."

"नि म्हात्र्यांनी काय करायचं?" हिरामण गरजले.

"म्हात्र्यांनी नाव जरा सोपं ठेवायला पायजे होतं."

मग परिपत्रक निघालं. ग्राहकांनी शक्यतो जोडाक्षरविरहित मजकूर द्यावा. 'निमंत्रण'ऐवजी 'बोलावणे', 'कन्या'ऐवजी 'मुलगी', 'पुत्र'ऐवजी 'मुलगा'. वडखळच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका 'दवाखाना उघडणे' अशी गेली. लोकांना ते आवडलं. एका मंडळानं सुलभ मराठीच्या सेवेबद्दल दोन्ही पदाधिकाऱ्यांचा सत्कार केला. मानपत्र याच मुद्रणालयात छापलेलं असल्यामुळे त्यात 'शाल' आणि 'नारळ' एवढेच शब्द धड होते.

अशात नूतनचं लग्न ठरलं, जिते गावच्या आदेश ठाकूरशी. पत्रिकेचा नमुना छापून तिने घरी नेला. तिचा बाप कान्हू म्हात्रे याचा जन्म मिठागरात गेला होता. त्याला वाचता येत नसे, पण सही शिकला होता, आणि आपलं नाव तो चेहऱ्यासारखं ओळखत असे. त्याने नमुना उजेडात धरला.

"हे कोणाचं नाव गो?"

"तुझंच, बाबा."

"नाय. माझ्या नावात अक्षरां एकमेकांना धरून असतात. ही सुटलेली हायत."

"मी पनवेलहून छापून आणते."

"अख्ख्या तालुक्याच्या पत्रिका तू छापतेस, नि माझी पनवेलवरून?" कान्हूने नमुना तिच्या हातात परत दिला आणि तो न जेवता ओटीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी नूतनने मंडळापुढे सरळ मुद्दा मांडला. दोन आवृत्त्यांची खिचडी झाली आहे, रोह्याची पॅकेजं डाउनग्रेड करून, म्हणजे जुन्यावर उतरवून, सगळं एका आवृत्तीवर आणू द्या.

"डाउनग्रेड? रोह्याला?" काळुराम उभे राहिले.

"मग पेणची जुनी काढून टाकते."

"काढून टाकतेस? पेणला?" हिरामणही उभे राहिले.

"आणि तुझं काय गो," काळुराम समजुतीच्या सुरात म्हणाले, "लग्न झालं की ठाकूर होशील. तुझा प्रश्न मिटला."

"माझा मिटेल, काका. बापाचा नाय मिटणार."

अभ्यासासाठी उपसमिती नेमण्यात आली. नूतन जागेवर येऊन बसली, रागाने तिचे कान लाल झाले होते. मग तिच्या लक्षात आलं की भांडण पॅकेजांचं नव्हतंच, क्रियापदाचं होतं. तिने जेवणाच्या सुट्टीत नवा अर्ज लिहिला: 'पेणच्या सर्व पॅकेजांना रोह्याच्या दर्जावर बढती देणेबाबत.'

हिरामणांनी 'बढती' हा शब्द दोनदा वाचला. "यात पेणचं कोण घरी जात नाय ना?"

"कोणी नाय. सगळे वर चढतात."

काळुरामांनी 'रोह्याच्या दर्जावर' एवढंच वाचलं आणि मान डोलावली. उपसमितीची पहिली बैठक होण्याआधीच विषय एकमताने मंजूर झाला.

नूतनने त्याच दुपारी सगळ्या फायलींची प्रत बाजूला काढली, जुन्या आवृत्तीची वाट बंद केली आणि संगणकाला सगळी पॅकेजं नव्यावर न्यायला सांगितलं. संगणकाने हरकती घेतल्या. हा भाग त्याच्यावाचून हलेना, तो याच्याशी जुळवून घेईना. मध्येच त्याने छपाईचं सॉफ्टवेअरच काढून टाकू का, असं विचारलं. संचालक मंडळाची सवय असल्यामुळे नूतन कुठलीही हरकत नीट वाचल्याशिवाय 'हो' म्हणत नसे. तिने 'नाही' म्हटलं, अडलेले भाग एकेक करून नव्याने बसवले आणि पुन्हा सांगितलं. या वेळी तो मुकाट्याने चालला.

संध्याकाळी कान्हूने पत्रिका उजेडात धरली. मिठाने चिरलेलं बोट नावावरून हळूच फिरवलं.

"व्हय," तो म्हणाला. "हा मी."

पत्रिका वाटायला तो स्वतः गेला. वडखळपासून जित्यापर्यंत प्रत्येक दारात तो आपलं नाव बोटाने दाखवी. लोक पत्रिका घेत, उलटसुलट करत आणि विचारत, "जेवण किती वाजता?" लग्नाच्या दिवशी तर मुहूर्त टळेपर्यंत आदेशचा फोन वाजत होता: "हॉल कुठं हाय? लोकेशन पाठव."

वाचकांना यात हसू येणं साहजिक आहे. फक्त हसून झाल्यावर तुमच्या घरी आलेली शेवटची लग्नपत्रिका आठवून बघा. मुलीच्या बापाचं नाव काय होतं? त्याने ते तुम्हाला बोटाने दाखवलं होतं.