सुमनताईंचं भेव

आमच्या पडेगावातल्या शेजारीण सुमनताई पुस्तक हातात घेण्याआधी पायात चपला घालतात आणि घराचं दार सताड उघडतात. पुस्तकात काही वाईट घडलं तर पळता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रक्ताला कधी डरल्या नाहीत. पण कादंबरीतल्या बाईच्या दाराची कडी वाजली की थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहतात. मीही दचकते आणि दूध उतू जातं.

वाचतात फक्त बायकांनी लिहिलेलं. लायब्ररीतल्या माणसाला आधी विचारतात, यातली बाई शेवटपर्यंत टिकते का? त्याने एकदा वैतागून एका पुरुषाची कादंबरी पुढे केली, ती ताईंनी दोन बोटांनी परत सरकवली. मी कारण विचारलं.

“गडीमाणसं बाईला भेव घालतेत आन फुडच्या पानावर इसरून जातेत,” त्या म्हणाल्या. “बाईनं लिव्हलं की ते भेव दुसऱ्या दिवशी भाकरी थापतानाबी हातात असतं. माझंबी तसंच. मला वाटायचं, मी एकलीच येडी हाय.”

यंदा त्यांचा मोतीबिंदू पिकला. एक डोळा आधीच गेलेला, ऑपरेशन उरलेल्याचं. काही होत नाही, असं मी म्हटलं, तर हे वाक्य आपण दवाखान्यात लई जणांना खोटं सांगितलंय, म्हणाल्या. सोबत कोण येणार, तर म्हणे रिक्षावाला. मला हसायला आलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्या अर्धी राहिलेली कादंबरी घेऊन आल्या. अक्षरं दिसत नव्हती. पट्टी निघाल्यावर अंधारच राहिला तर निदान ही बाई कशी टिकली ते तरी आजच कळू दे, म्हणाल्या. मी वाचायला लागले.

कादंबरीतली बाई रिकाम्या घरात दिवा न लावता बसली होती. शेवट चांगला आहे, हे ताईंनी लायब्ररीत विचारून ठेवलंच होतं. तिथे लवकर पोचावं म्हणून मी घाईने पान उलटायला गेले. ताईंनी त्यावर हात ठेवला.

“थांब जरा. ती एकलीच बसली हाय. तिच्यापाशी बसू थोडं.”

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता. मलाही फार भीती वाटत होती. पान तसंच उघडं ठेवून आम्ही तिच्यापाशी बसलो.

“सकाळी आपण किती वाजता निघायचं, ताई?” मी विचारलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना कितपत दिसले, कोण जाणे.

“सातला,” त्या म्हणाल्या. “आता वाच फुडं.”