बिल्ला क्रमांक ४१७

सन एकसष्टच्या जानेवारीत आमच्या घोलवडच्या वाडीतली जमुना नावाची गाय भिलाडला माझ्या मुलीकडे पोहोचवायची होती. गाय चालायला तयार होती, मी न्यायला तयार होतो, भिलाडचे लोक ठेवून घ्यायला तयार होते. एवढे सगळे लोक एका कामाला तयार असले की सरकारला संशय येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

गाय न्यायचे कारण माझा नातू. विजयमाला, म्हणजे माझी मुलगी, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिला दूध कमी, म्हणून माझ्या बायकोने, हिरकणीने, पोराला जमुनेच्या दुधावर लावले. जमुना वाडीत गळालेले चिकू खाऊन वाढलेली. तिचे दूध नुसते हुंगले तरी माणसाला झोप यावी. दोन महिन्यांनी पोर आईबरोबर तिच्या सासरी गेले आणि तिथले म्हशीचे दूध त्याने व्याह्यांच्या धोतरावर परत केले. आठवड्यात व्याह्यांचे कार्ड आले: ‘बाळ कशालाच तोंड लावत नाही. अहोरात्र रडते. गाय पाठवावी. न जमल्यास आम्हां सर्वांच्या कानांत घालायला कापूस पाठवावा.’

वर्षापूर्वी घोलवड आणि भिलाड एकाच राज्यात होते. मग राज्याची वाटणी झाली आणि अच्छाडला रस्त्यावर एक बांबू आडवा आला. बांबूच्या अलीकडे गाय, पलीकडे नातू.

मी आणि आमचा गुराखी सुक्या पहाटे निघालो, तलासरीला चहा घेतला आणि दुपारी बांबूपाशी पोहोचलो. तिथे गुरांची चौकी होती. तिचे प्रमुख, दुय्यम आणि शिपाई हे तिघेही महादेवराव नावाचे एकच स्टॉकमन, म्हणजे गुरांचे कंपाउंडर होते. बुळकांडीची साथ आटोक्यात आणायची म्हणून नियम झाला होता की सरहद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक गुराला लस टोचावी आणि त्याच्या डाव्या कानाला नंबरचा पत्र्याचा बिल्ला ठोकावा. नियम चांगला होता. बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे झालेले मी पाहिले आहेत. मी नियमाच्या विरुद्ध कधीच नव्हतो. नियमच पुढे माझ्या विरुद्ध गेला.

महादेवराव चिमटा घेऊन जमुनेच्या डाव्या बाजूला आले आणि तिथेच थबकले. जमुनेला डावा कान नव्हता. ती वासरू असताना एका तरसाने तो नेला होता.

“कान कुठाय?” त्यांनी मला विचारले.

मी म्हटले, तरसाकडे. त्यांनी तरसाचा पत्ता विचारला नाही, हा त्यांचा चांगुलपणा. मी सुचवले की उजवा कान शाबूत आहे, त्याला बिल्ला लावा. तसे करता येत नाही, असे ते म्हणाले. उजवा कान पलीकडच्या राज्याचा. उजव्या कानाला बिल्ला लागला की गाय पलीकडची ठरते आणि पलीकडची गाय अलीकडे दिसली की तिला ताबडतोब हाकलून परत पाठवावे लागते.

“मग पाठवा ना,” मी म्हटले. “आम्हाला तिकडेच जायचंय.”

“तात्या, परत कोणाला पाठवतात? जी आली तिला. ही तिकडून आल्याची माझ्या वहीत नोंद कुठाय? जी आलीच नाही, तिला मी परत कशी पाठवू?”

सुक्याने सुचवले की बिल्ला शिंगाला अडकवावा. महादेवरावांनी त्याच्याकडे असे पाहिले की सुक्या उगीचच बिडी विझवून बसला. शेवटी त्यांनी कपाटातून नियमांचे पुस्तक काढले आणि तास-दीड तास वाचले. दुसऱ्या हाताने त्यांचे जेवण चालू असल्यामुळे काही पाने आमटीने एकमेकांना चिकटली, त्या पानांवरचे नियम त्या तालुक्यात पुढे कधीच लागू झाले नाहीत. अखेर पोटनियम अकरा सापडला: ‘गुरास डावा कान नसल्यास बिल्ला त्या गुराच्या सर्वांत जवळच्या डाव्या कानास लावावा.’

असा नियम कोणी केला असेल, हे मला विचारू नका. ज्याने केला त्याला घरी जायची घाई असणार.

महादेवरावांनी फीत काढली. सुक्याच्या लगेच लक्षात आले आणि तो पाच पावले मागे सरकून बांबूवर जाऊन बसला. मी गाईचे दावे धरून उभा होतो. अंतर भरले एक फूट तीन इंच. लहानपणी आमच्याकडे सगळ्यांचेच कान टोचतात, त्यामुळे माझ्या कानाला भोक तयारच होते. महादेवरावांनी ‘चला, त्रास वाचला’ असे म्हणून बिल्ला ठोकला. पलीकडे पोर रडत आहे, गाय तेवढी जाऊ दे, असा विचार करून मी दावे धरूनच उभा राहिलो.

मग नोंद झाली. नोंद बिल्ला बघून करायची असते, आणि बिल्ला माझ्या कानात होता. क्रमांक ४१७. रंग गव्हाळ. शिंगे नाहीत. दात अकरा. दूध: देत नाही. स्वभाव या रकान्यात त्यांनी ‘मारकट वाटत नाही’ असे लिहिले. पुढे लसही मलाच टोचली.

“आता दहा दिवस निगराणीत राहायचं,” ते म्हणाले. “लस टोचलेलं गुर लगेच सोडत नाहीत.”

“आणि जमुना?”

“जमुना कोण?”

मी बोट दाखवले. जमुना बांबूवर मान घासत होती.

“तिला बिल्ला नाही, म्हणजे ती गुर नाही,” महादेवराव म्हणाले. “आता ती काय आहे ते मला ठाऊक नाही. पण माझ्या वहीत नाही. जे वहीत नाही, त्याला मी अडवू कसा?”

आणि त्यांनी बांबू वर केला. जमुना सुक्यासकट भिलाडला निघून गेली. जाताना सुक्याने तेवढे विचारले की शेठ, तुम्हाला काय पायजे? मी म्हटले, तंबाखू. पण निगराणीतल्या गुराला बाहेरचा चारा चालत नाही.

चौकीच्या मागे पत्र्याची छपरी होती. तिथे दहा दिवस मी, दोन बैल आणि एक रेडा असे राहिलो. दररोज दोन पेंढ्या गवत आणि शेरभर पेंड मिळायची. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचे. गुरांचा ताप कुठून मोजतात ते मी इथे लिहीत नाही, ही गोष्ट घरातली सगळी माणसे वाचतात. रेडा स्वभावाने चांगला होता. बैलांपैकी एक तेवढा स्वतःला फार समजायचा, कारण त्याचा नंबर २ होता.

अकराव्या दिवशी हिरकणी मला न्यायला आली. पदरात भाकरी बांधून आणली होती, ती महादेवरावांनी चारा म्हणून जप्त केली आणि ठेच्यासकट खाल्ली. मग त्यांनी विचारले, “चारशे सतरा तुमचा, याला पुरावा?”

हिरकणीने मंगळसूत्र पुढे केले.

“हे त्यांनी तुमच्या गळ्यात बांधलंय. त्यांच्या गळ्यात तुमचं काही आहे?”

तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हिरकणीने जरा विचार केला, पायी घोलवडला गेली आणि दुसऱ्या दिवशी जमुनेचे घरी राहिलेले जुने दावे आणि पितळी घंटा घेऊन आली. ती तिने माझ्या गळ्यात बांधली. महादेवरावांनी दावे ओढून पाहिले, घंटा वाजवून पाहिली आणि मालकी मान्य केली. आम्ही घोलवडला आलो तेव्हा अख्ख्या गावाने मला पाहिले, पण कोणी हसले नाही. उलट तिघांनी विचारले की रोज शेरभर पेंड मिळते हे खरे का, आणि अर्ज कुठे करायचा.

घरी भिलाडचे कार्ड येऊन पडले होते: ‘गाय पोहोचली. आमच्या चौकीने तिच्या उजव्या कानाला बिल्ला लावून तिला रीतसर इथली केली. बाळ पोटभर प्याले आणि दोन दिवस झोपले. आम्हीही झोपलो. आता आपण नातू पाहायला कधी येता?’

मी त्याच आठवड्यात निघालो. पण अच्छाडला बांबू खालीच होता. चारशे सतरा क्रमांकाला राज्याबाहेर जायला परवाना लागतो, महादेवरावांनी समजावले, आणि परवाना फक्त दुभत्या जनावराला मिळतो. बिल्ला काढून टाकणे हा गुन्हा. मी म्हटले, अहो, मी माणूस आहे, तुमच्या समोर उभा आहे, बोलतोय. ते हळहळले. माझ्याविषयी त्यांना आपुलकी होती. दहा दिवस त्यांनीच ताप मोजला होता.

“दिसतंय हो मला, तात्या,” ते म्हणाले. “पण नुसतं दिसून काय होतं?”

शेवटी भिलाडला निरोप धाडला, विजयमालेने येऊन बांबूपलीकडून पोराला उंच धरले, आणि मी अलीकडून पाहिले. पोर गुटगुटीत झाले होते. मी गळ्यातली घंटा वाजवली, ते खुदकन हसले. अजूनही दर सणाला आम्ही असेच भेटतो. येणारी-जाणारी माणसे चौकशीला थांबत नाहीत. ट्रकवाले मात्र मला बघून वेग कमी करतात, गुर आडवे येईल म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, तात्या थापा मारतो. खुशाल घोलवडला या आणि माझा कान बघा. फक्त एक करा. दारात हिरकणी असते आणि आलेला माणूस नक्की कोण, याचा ती कागद मागते. ‘मी मीच आहे’ हे तिला चालत नाही; तिचा नवरा ते सांगून थकलाय. तेव्हा रेशनकार्ड, घरपट्टी, काही असेल ते बरोबर घ्या.

वाचता वाचता कागद चाचपायला हात खिशाकडे गेला ना? महादेवरावांनी ४१८ नंबरचा बिल्ला अजून कोणाला दिलेला नाही.