बिसनमामांची मान

बिसनमामा अनोळखी माणसाला रामराम करत नसत. त्याच्याकडे पाठ करायची, सदऱ्याची कॉलर खाली ओढायची आणि मान दाखवायची. "पाह्यली? वीस वर्सं धानाचे पोते वाहिले हिनं. तवा हा रंग चढला."

मान खरंच बघण्यासारखी होती. बाकी अंग गव्हाळ, पण मानेचा मागचा पट्टा काळा, जाडसर, मखमलीसारखा. काखेतही तसाच. कोणी मागितलं नाही तरी मामा काखही दाखवत.

तुमसरला ते आमच्या शेजारी राहत. राईस मिलमध्ये हमाल म्हणून लागले आणि मुकादम झाले. मुकादम झाल्यावर पोत्याला हात लावला नाही. खुर्चीत बसून ओरडायचं आणि दुप्पट साखरेचा चहा प्यायचा. पोट सुटलं आणि मान आणखी काळी होत गेली. हे गणित कोणालाच खटकलं नाही. माझे वडील त्याच मिलमध्ये जन्मभर हमाल, त्यांची मान साधीच. मामांकडे त्याचंही उत्तर होतं, "तुहा बाप कामचोर."

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. पेढे द्यायला गेलो, तर मामांनी चार पेढे तोंडात टाकले आणि माझी मान वाकवून पाहिली. "कोरीच हाय गा, बीए! इतकी वर्सं शिकून हिच्यावर काईच नाई लिवलं?"

पुढं काही वर्षांनी मामांची तहान वाढली. हमालांसाठी भरलेला रांजण ते एकटेच रिकामा करू लागले. मामींनी, मी शिकलेला म्हणून, मला सोबत देऊन त्यांना भंडाऱ्याला धाडलं.

डॉक्टर तरुण होता. लघवी तपासली, तर नळीतलं निळं औषध उकळल्यावर विटकरी झालं, म्हणजे लघवीत साखर होती. मग त्यानं कॉलर खाली करून मान पाहिली.

"पोत्यानं झालं ते, सायेब," मामा अभिमानानं म्हणाले.

"पोत्यानं असं होत नाही. साखर आवरायला अंगात इन्सुलिन बनतं. तुमचं अंग त्याला जुमानत नाही, म्हणून ते जास्त जास्त बनत गेलं. त्याचीच ही खूण."

मामांनी विचार केला. "म्हंजे मुकादम वरडून राहिला अन् हमाल आयकून नाई राहिले?"

"तसंच."

"मंग आनखी मुकादम लावाचे."

"तेच केलं तुमच्या अंगानं. आता मुकादमच थकले. घरात आणखी कोणाची मान अशी आहे?"

"नाई," मामा चटकन म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची सिंधू बारा वर्षांची, अंगानं भरलेली. तिची मान हुबेहूब बापासारखी होती, आणि तिनं पोतं कधी उचललं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मामांनी कोणालाच मान दाखवली नाही. वरठी मागं पडल्यावर म्हणाले, "बीए, पोट्टीले बी होईन का?"

"गोड कमी केलं, चालणं वाढवलं, तर टळू शकते."

घरी पोचलो तेव्हा मामी मोरीवर सिंधूची मान वाळल्या दोडक्यानं घासत होत्या. मान लाल झाली होती. पोरगी रडत होती. "शाळेत काळमानी म्हनतात मले."

मामांनी दोडका हिसकून घेतला. "मळ नोहे तो. माह्याकडून गेलं तिले."

दुसऱ्या सकाळपासून तलावाच्या पाळीवर बापलेक फिरताना दिसू लागले. सिंधू पुढं, मामा तिच्या मागं एक पाऊल, असे की मागून येणाऱ्याला नुसती मामांचीच पाठ दिसावी.

चहावाला एकदा ओरडला, "काहो मुकादम, पोट्टीले कायले पायपीट करायले लावून राहिले?"

"मले साखर झाली ना, बावा. डाक्टर म्हन्ला, एकटा फिरू नोको, चक्कर येईन. म्हून बिचारीले झोपेतून उठवतो."

डॉक्टर असं काहीच म्हणाला नव्हता. दवाखान्यात मी शेजारीच बसलो होतो.