उसनं रक्त

सुईबाईला सकाळी साडेसहाला सासूचं रक्त हवं होतं. सुनेला सासूचं रक्त हवं असणं यात नवीन काही नाही, पण ही खरोखरच सुई, कापूस आणि रबरी पट्टा घेऊन स्वयंपाकघरात उभी होती.

"आई, हात द्या. वर्षातून एकदा तपासलेलं बरं."

"मला काय धाड भरलीय? दोन घास खाणारी बाई मी."

"म्हणूनच लगेच आटपेल."

सुईबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज चाळीस दंडांतून रक्त काढायची. लॅबच्या मॅडमनी आज सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी ठेवली होती आणि बजावलं होतं, की ज्याच्या यकृताचे आकडे चढलेले दिसतील त्याच्या हातात सुई राहणार नाही. सुईबाईला आपले आकडे न तपासताच ठाऊक होते. रोज संध्याकाळी भाजी चिरताना ती स्टीलच्या बाटलीतून वाइन प्यायची. आधी घोटभर होती, मग पेलाभर, आता बाटली तळाला जायची. नवरा दिवाणखान्यात मित्रांबरोबर राजरोस प्यायचा, आणि कामाचा ताण असतो म्हणून त्याला शेंगदाणे नेऊन द्यावे लागायचे. बाईच्या ताणाला कुणी शेंगदाणे देत नाही. तिनं ओट्याकडे तोंड करून, नळ सोडून, आवाज न करता गिळायचं.

सासूबाई म्हणजे संयमाचा पुतळा. कुणाच्या वाढदिवसाला केकचा तुकडा पुढे केला तर हात जोडायच्या. याहून स्वच्छ रक्त कुठं मिळणार? सुईबाईनं नळीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी डकवली आणि "उपाशीपोटीच घरून काढून आणलं" म्हणत ती लॅबमध्ये जमा केली.

दुपारी मॅडमनी बोलावलं. "यकृत अगदी लहान मुलासारखं आहे तुझं."

सुईबाईचा जीव भांड्यात पडला.

"साखर मात्र तीनशे बारा."

पडलेला जीव भांड्यातून बाहेर आला. "काहीतरी चुकलं असेल, मॅडम."

"दोनदा लावलं. तीन महिन्यांची सरासरीही तसलीच. तू उभी कशी आहेस? बस आधी." आणि तिला बसवून मॅडमनी थेट तिच्या नवऱ्याला फोन लावला.

आयुष्यात ताट न उचललेला तो माणूस संध्याकाळी गोणी घेऊन घरात फिरत होता. बिस्किटं गेली, जाम गेला. मग आईच्या खोलीत शिलाई मशीनच्या झाकणाखाली दोन केक सापडले आणि पांघरुणांच्या घडीत चॉकलेटचे सहा डबे.

"आईच्या खोलीत लपवतेस? लाज नाही वाटत?"

"जाऊ दे रे," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "सुटत नसेल बिचारीला."

सुईबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तीनशे बारा पलंगावर बसून चष्मा पुसत होते. आणि तोंड उघडलं तर आपलं बिंग फुटणार होतं.

नवऱ्याला आता चेव चढला. त्यानं ओट्यावरची स्टीलची बाटली उघडली, नाकाला लावली. "हे काय आहे?"

सुईबाई बाटली घ्यायला पुढे झाली.

"माझं गुडघ्याला चोळायचं औषध," सासूबाई दारातून म्हणाल्या. "ठेव खाली, सांडशील."

"वास वेगळाच येतोय."

"गुडघे तुझे आहेत का माझे?"

तो गोणी टाकायला बाहेर गेला. दोघी उरल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अर्धा अर्धा तास नळ सोडून कोण भाजी धुतं, बाई?"

"आणि ते केक?"

"चाळीस वर्षं सगळ्यांचं उरेल ते खाल्लं. हे गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं. मग त्याच्या आधी मीच खायला लागले."

"आई, ते रक्त तुमचं होतं."

"म्हणजे चोरलंस."

"हो. तुम्हाला औषध सुरू करायला हवं. आणि त्यासाठी मॅडमना खरं सांगायला हवं."

"सुई जाईल तुझी."

"जाईल."

"मग नको सांगू. माझं काय, झालंच आता सगळं."

"गप्प बसा," सुईबाई सासूवर पहिल्यांदाच ओरडली. "हेच म्हणत म्हणत दोघी इथवर आलोय."

मॅडम दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं नुसत्या बोलत होत्या, आणि त्यातलं एकही वाक्य इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्यांनी सुई काढून घेतली, तीन महिन्यांसाठी सुईबाईला फॉर्म भरायच्या काउंटरवर बसवलं आणि दर मंगळवारी समुपदेशकाकडे जायची अट घातली.

काउंटरवर पहिला नंबर सासूबाईंचा लागला.

"गोड किती खाता?"

"खरं सांगू का फॉर्मपुरतं?"

"खरं."

"रोज एक केक. मोठा."

रांगेतल्या माना वळल्या. सुईबाईनं लिहिलं. "घरात कुणाला व्यसन?"

"आहे ना. सुनेला. दारूचं."

पेन थांबलं. मागे पिशवी घेऊन उभी असलेली बाई शेजारणीच्या कानाशी लागली, "काय सून पदरी पडलीय बिचारीच्या."

"लिही की," सासूबाई म्हणाल्या. "आणि मुलाचंही लिही. त्याला वाटतं, तो नुसता ताण घालवतो."

फॉर्मवर जागा एकाच ओळीची होती. सुईबाईनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.