किरण वर गेला

मधुकरच्या पत्राला चंद्रप्रकाशांनी चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता: "तू काढून दिलेल्या आकृतीवरून ऑसिलोस्कोप बांधला. पडद्यावर किरण टिकतच नाही. चूक तुझ्या आकृतीत, की माझ्या व्हॉल्व्हमध्ये?"

चारकोपच्या कारखान्यात दोघांनी शेजारी बसून तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली होती. मधुकरने त्यांच्या आकृतीवर कधी शंका घेतली नव्हती. चंद्रप्रकाशांनी मात्र रोज घेतली होती. त्याच आकृतीवरून, भंगारातून वाचवलेल्या, जुन्या रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हवर त्यांनी स्वतःसाठीही विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा असा एक ऑसिलोस्कोप बांधला होता. पण चूक निघेल या भीतीने तो कधी चालूच केला नव्हता.

गुरुवारी सकाळी, मुलुंडच्या घरी, वारा यावा म्हणून दार उघडं ठेवून त्यांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. पडद्यावर इलेक्ट्रॉनच्या किरणाचा हिरवा ठिपका उमटला, थरथरला आणि सरकत सरकत वरच्या काठापलीकडे नाहीसा झाला.

"जानकी," ते स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "किरण वर गेला गं!"

जानकीबाईंचा मिक्सर चालू होता. ऐकलं ते समोरच्या द्रौपदीकाकूंनी. त्या दारात आल्या.

"काय सांगता! कशानं हो?"

"व्हॉल्व्ह," यंत्रातून डोकं न काढता ते म्हणाले. "दोन असतात. एक वर ओढतो, एक खाली. एक अशक्त झाला की संपलं."

"आणि कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"मीच चार वर्षं टाळलं. चूक माझीच असेल."

"नका हो मनाला लावून घेऊ," म्हणत काकू पदर डोळ्यांना लावून गेल्या.

चौथ्या मजल्यावर एकटा राहणारा किरण, म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, तेव्हा वांद्र्याला मीटिंगमध्ये फोन बंद करून बसला होता. त्यामुळे खातरजमा करायला ज्यांनी फोन केला, त्यांची खात्रीच पटली. दुपारी फलकावर नोटीस लागली: 'किरण यांचे दुःखद निधन.' खाली सवयीने, 'आदेशावरून, सेक्रेटरी.'

संध्याकाळी फलक वाचून, बातमी कुठून आली ते विचारून किरण तडक चंद्रप्रकाशांच्या घरात घुसला.

"काका, काय वाट लावलीत यार! सातला शोकसभा आहे माझी. आणि नोटिशीवर माझी सही पण नाही!"

चंद्रप्रकाशांनी अडखळत सगळं सांगितलं. किरण हळूहळू यंत्रावर वाकला.

"म्हणजे हा मी? मग खाली कसा येणार?"

"दोन व्हॉल्व्हची अदलाबदल करायची. तू खालच्या बाजूला गेलास, तर व्हॉल्व्ह खराब. वरच राहिलास, तर माझी आकृतीच चुकली. मधुकर चार वर्षं माझ्यामुळे अडलाय."

"मग केली का नाही?"

"सकाळपासून हिंमत होत नाहीये."

"करा ना. मी मेलोय, मला कसली घाई?"

यंत्र बंद करून, गार होऊ देऊन त्यांनी व्हॉल्व्हची अदलाबदल केली. ठिपका उमटला, थरथरला आणि सरळ खालच्या काठाकडे निघाला.

"गेलो! खाली गेलो!" किरण ओरडला. दारात पांढरी फुलं घेऊन आलेल्या द्रौपदीकाकू मटकन खाली बसल्या.

चंद्रप्रकाशांनी पोस्टकार्ड लिहिलं: 'आकृती बरोबर आहे. तुझे दोन व्हॉल्व्ह अदलाबदल करून बघ. किरण खाली गेला, तर...' ते थांबले. पोस्टकार्ड कोणीही वाचतं. त्यांनी 'किरण' खोडून 'ठिपका' लिहिलं.

पाणी पिऊन सावरल्यावर काकूंनी दबक्या आवाजात विचारलं, "किरण कुठाय?"

"खाली गेला," चंद्रप्रकाश म्हणाले, आणि या वेळी त्यांनी वाक्य पुरं केलं, "माझं पत्र पेटीत टाकायला."